ॲन्सी झेड ७६५ : घर तेच, मग चौरस फूट कमी कसे?

फूटपट्टी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. "कौंटीच्या नोंदीत २,१०० चौरस फूट, जाहिरातीत २,१००, आणि अप्रेझरने (कर्जासाठी घराचं मूल्य ठरवणाऱ्याने) लिहिले १,१००. हा काय प्रकार?" हा प्रश्न अमेरिकेतल्या घरांच्या प्रत्येक धाग्यावर कुठेतरी येतोच. तिथे तो अवांतर ठरतो, म्हणून वेगळा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. १ एप्रिल २०२२ पासून फॅनी मेकडे (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या अमेरिकन संस्थेकडे) जाणाऱ्या कर्जासाठी अप्रेझर आतबाहेर फिरून घर मोजणार असेल, तर ते ॲन्सी झेड ७६५-२०२१ या, घराचं क्षेत्र मोजायच्या अमेरिकन मानकाप्रमाणेच मोजावं लागतं. हे मानक १९९६ पासून आहे, पण पाळणं ऐच्छिक होतं. आधी कुणी अर्ध्या फुटाला पूर्णांक करायचं, कुणी उतरत्या छपराखालची खोली भिंतीपर्यंत धरायचं, कुणी वॉकआउट बेसमेंट (एका बाजूने थेट बाहेर उघडणारं तळघर) राहत्या क्षेत्रात घालायचं. आता मुभा नाही. बाहेरच्या पृष्ठभागावरून, जवळच्या इंचापर्यंत किंवा फुटाच्या दहाव्या भागापर्यंत मोजायचं. बेरीज पूर्ण चौरस फुटात लिहायची. छत किमान ७ फूट. आणि मजल्याचा कुठलाही भाग जमिनीखाली असेल तर तो अख्खा मजला बेसमेंट.

फ्लॅटसारख्या कॉन्डोंना हे लागू नाही, तिथे आतल्या भिंतींवरून माप घेतात. टाउनहाउस आणि रो-हाउसला मात्र लागू आहे.

माझं मत : मोजणं अवघड नाही. गोंधळ होतो तो तुलनेच्या घरांत, म्हणजे कॉम्प्समध्ये, कारण त्यांचे आकडे अजून जुन्या पद्धतीचे आहेत. केप कॉड (वरचा मजला उतरत्या छपराखाली असलेली घरं), बायलेव्हल (खालचा मजला अर्धा मातीत असलेली घरं) आणि जिने तुम्ही कसे हाताळता? आणि ग्रिड, म्हणजे आपलं घर आणि कॉम्प्स शेजारी मांडणारा तक्ता, कसा जुळवता? जाणकारांनी लिहावं.

शंकासुर

म्हणजे चौरस फूट ही श्रद्धेची बाब होती आणि आता तिला धर्मग्रंथ मिळाला. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

तिरकस_छप्पर

केप कॉडवर लिहितो, सगळ्यात जास्त फटका तिथेच बसतो.

नियम खोलीनिहाय आहे. उतरत्या छताच्या खोलीत ५ फुटांपेक्षा कमी उंचीचा भाग मोजायचाच नाही. उरलेल्या भागापैकी निम्मा तरी ७ फूट किंवा जास्त उंचीचा हवा. निम्मा नसेल तर सगळी खोली बाद. "थोडी धरू, थोडी सोडू" चालत नाही.

समजा खोली ३० फूट लांब, छपराचा उतार १२/१२, म्हणजे एक फूट आत गेलं की एक फूट उंची वाढते. मध्ये ७ फूट उंचीचा पट्टा ९ फूट रुंद आहे. ७ वरून ५ वर उतरायला दोन्ही बाजूंना २-२ फूट लागतात, म्हणजे ५ फुटांच्या रेषेवर रुंदी १३. मोजायचं क्षेत्र १३ × ३० = ३९०. त्यातलं ७ फुटी २७०. निम्म्याहून जास्त, खोली पास, ३९० लिहा.

आता त्याच खोलीत ७ फुटी पट्टा फक्त ३ फूट असेल तर ५ फुटांवर रुंदी ७. मोजायचं क्षेत्र २१०, त्यातलं ७ फुटी ९०. निम्मं नाही, म्हणून जीएलएमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या तयार राहत्या क्षेत्रात, शून्य.

गुडघाभिंत (उतरत्या छपराच्या कडेची बुटकी भिंत) ५ फूट किंवा त्याहून ठेंगणी असेल तर जागेवर डोक्यात करायचं गणित : १२/१२ उतारात ७ फुटी पट्टा किमान ४ फूट, ८/१२ मध्ये किमान ६ फूट, ६/१२ मध्ये किमान ८ फूट हवा. गुडघाभिंत ५ फुटांपेक्षा उंच असेल तर सरळ भिंतीपर्यंत मोजा आणि मग निम्म्याची अट तपासा.

५ फुटांची रेषा शोधायला काठीवर ५ फुटांची खूण करायची, काठी सरळ उभी धरून उताराकडे सरकत जायचं, खूण छताला टेकली की जमिनीवर निळी टेप. दुसऱ्या बाजूला तेच. दोन टेपांमधलं अंतर लेझरने. डॉर्मर (छपरातून बाहेर काढलेला खिडकीचा भाग) असेल तर तो वेगळा चौकोन काढायचा, सरासरी काढायची नाही.

एडिसनकर

मस्त प्रतिसाद. यात एक भर. सपाट छत ६ फूट १० इंच असेल तर? जुन्या घरांत वरच्या मजल्यावर असं बऱ्याचदा दिसतं. मूळ छत सव्वासात फूट असतं, मग कुणीतरी जुन्या फरशीवर प्लायवूड आणि लॅमिनेट चढवतो, वर खालच्या पातळीचं नवं छत टाकतो आणि उंची गेली.

तिरकस_छप्पर

@एडिसनकर, ६ फूट १० म्हणजे नापास. ६ फूट ११ सुद्धा नापास. सवलत फक्त बीम, डक्ट वगैरेंखाली, तिथे ६ फूट ४ इंच चालतं. मात्र नापास म्हणजे फुकट नव्हे. ती जागा ग्रिडमध्ये वेगळ्या ओळीवर दाखवायची, बाजार तिला जे मोल देतो ते द्यायचं. शेरा हवा : "दुसरा मजला ६१० चौ. फूट, उंची ६ फू. १० इं., ॲन्सीनुसार जीएलएमध्ये नाही, परंतु शयनकक्ष म्हणून वापरात आणि पूर्ण तयार." हा शेरा नसला की अंडररायटरकडून (कर्जाची फाइल तपासणाऱ्याकडून) फाइल परत आलीच म्हणून समजा.

रिअल्टरबाई

आम्हाला मेल येतात, "तुमच्या अप्रेझरने माझ्या घरातल्या दोन बेडरूम खाल्ल्या." बेडरूम जागेवरच असतात, रकाना बदललेला असतो. पण हे समजावताना नाकी नऊ येतात.

जाहिरातीत मी आता दोन आकडे वेगळे लिहायला सांगते : जमिनीवरचं तयार क्षेत्र इतकं, जमिनीखालचं तयार क्षेत्र इतकं. एकूण लिहायचंच असेल तर या दोन्हींच्या नंतर. एकच मोठा आकडा छापला की अप्रेझल आल्यावर खरेदीदाराचा एजंट तोच आकडा घेऊन भाव पाडायला बसतो.

सिएटलची_मावशी

"मजल्याचा कुठलाही भाग जमिनीखाली" हे आमच्याकडच्या उतारावरच्या घरांना फार जाचक आहे. समोरून दुमजली, मागून तीन मजली. खालच्या मजल्याला मागे पूर्ण काचेचे दरवाजे, समोर तळं, घरातली सगळ्यात सुंदर खोली तीच, आणि कागदावर ती बेसमेंट! फक्त पुढची एक भिंत चार फूट मातीत आहे म्हणून. अन्याय आहे बाई.

फूटपट्टी

@सिएटलची_मावशी, अन्याय वाटतो खरा, पण ॲन्सी किंमत सांगत नाही, फक्त कुठल्या रकान्यात मोजायचं ते सांगतं. तळ्याकडे उघडणाऱ्या बेसमेंटला तुमच्या बाजारात वरच्या मजल्याइतकाच भाव मिळत असेल, तर अप्रेझरने तिथे तितकाच दर लावावा. "बेसमेंट म्हणजे निम्मा दर" असं मानकात कुठेही लिहिलेलं नाही. सवयीने लावतात, आणि ते चूक आहे.

ऑस्टिनचा_बंड्या

एक मूर्ख प्रश्न. भिंतीला टेकून मल्चचा ढीग असेल तर मजला जमिनीखाली गेला का? आमच्या शेजाऱ्याकडे मल्च इतका आहे की अजून दोन वर्षांत त्याचं सगळं घरच बेसमेंट होईल.

गवंडी_नंबर_एक

@बंड्या 😀 प्रश्न मूर्ख नाही. घराच्या फरशीची पातळी आणि बाहेरच्या जमिनीची पातळी यांची तुलना करायची. भिंतीला लागून केलेला फुलांचा वाफा किंवा मल्च म्हणजे जमीन नाही. पण भराव टाकून जमीनच कायमची उंच केली असेल तर ती जमीन. शंका असेल तिथे चारही बाजूंचे फोटो काढा, आत फरशीपासून खिडकीच्या खालच्या कडेपर्यंतची उंची आणि बाहेर जमिनीपासून त्याच कडेपर्यंतची उंची मोजा. बाहेरचं माप आतल्यापेक्षा कमी निघालं तर तेवढी फरशी जमिनीखाली आहे. दोन मापं, वाद संपला.

शंकासुर

डोंगर खोदून आत बांधलेली, वर माती टाकलेली घरं असतात ना? त्यांचा जीएलए शून्य?

तिरकस_छप्पर

तिथेच अपवादाचा कोड आहे. मानक पाळणं शक्यच नसेल तर अहवालातल्या ॲडिशनल फीचर्सच्या रकान्यात सुरुवातीलाच जीएक्सएक्स००१ आणि पुढे डॅश लिहायचा, मग कारण. मातीने झाकलेलं घर हे त्याचं नेहमीचं उदाहरण. राज्याचा कायदाच दुसरी पद्धत सांगत असेल तर तेही कारण चालतं. "कॉम्प्स मिळत नाहीत" किंवा "घरमालक रागावले" ही कारणं चालत नाहीत.

मोजूनमापून

जिन्यांवर कुणीच लिहिलं नाही. सगळ्यात जास्त चुका तिथे पाहायला मिळतात.

जिना ज्या मजल्यावरून खाली उतरतो, त्या मजल्यात पायऱ्या आणि लँडिंग मोजायचं. मर्यादा एकच : मजल्यातल्या भोकाच्या क्षेत्रापेक्षा जास्त नाही. जिना ३ फूट रुंद, आडवी धाव १३ फूट, म्हणजे ३९ चौरस फूट. पण वरच्या मजल्यातलं भोक ३ × १० असेल तर ३० च मोजायचे. जिन्याखालची तयार जागा खालच्या मजल्यात मोजायची. म्हणजे दुमजली घरात ती जागा दोन्ही मजल्यांत येते आणि ते बरोबर आहे. बेसमेंटला उतरणारा जिना पहिल्या मजल्यात येतो.

उलट प्रवेशदालनावरचा दुमजली उंच भाग, तो वरच्या मजल्यातून वजा. मोठ्या कलोनिअल घरात दालन १२ × १४ असेल तर १६८ चौरस फूट गेले. स्केच काढताना आधी बाहेरची चौकट काढतात आणि हे भोक वजा करायचं राहून जातं. वरच्या मजल्याचा आकडा खालच्याइतकाच आला आणि दालन उंच दिसत असेल तर काहीतरी चुकलं आहे.

एडिसनकर

जिन्याखालच्या जागेला ७ फुटांची अट आहे का? आपल्या लोकांत निम्म्या घरांत देवघर तिथेच असतं.

मोजूनमापून

नाही, जिन्याखाली उंचीची अट नाही. जागा तयार असेल, म्हणजे भिंत, फरशी, छत बाकी घरासारखं असेल, तर धरायची. देव जीएलएमध्ये आहेत, काळजी नसावी.

शंकासुर

आणि पोटमाळ्यात ६ फूट १० इंचावर झोपणारा जावई नाही. योग्यच आहे.

रिअल्टरबाई

😂😂

गॅरेजवरच्या बोनस रूमचं पण लिहा कुणीतरी. त्यावर तर भांडणं होतात.

फूटपट्टी

बोनस रूम : घराच्या तयार भागातून, तयार दालनातून किंवा तयार जिन्याने तिथे जाता येत असेल तर धरायची. गॅरेजमधल्या जिन्याने किंवा फक्त बाहेरच्या जिन्याने जाता येत असेल तर नाही. मग ती कितीही सजवलेली असो. वेगळी ओळ. अंगणातलं स्वतंत्र छोटं घर, सासूसासऱ्यांचं म्हणतात ते, तेही मुख्य घराच्या जीएलएमध्ये नाही. तीन ऋतूंचा सनरूमही नाही, कारण जागा वर्षभर वापरता येण्याजोगी आणि बाकी घरासारखी तयार हवी. डेक बंद करून काचा लावल्या म्हणजे खोली झाली, असं होत नाही.

बे विंडोची फरशी खोलीच्या पातळीला असेल तर मोजायची. नुसती बाहेर आलेली खिडकी, खाली बसायचा कट्टा, तर नाही. भिंतीबाहेर आलेली चिमणी नाही. टाउनहाउसच्या सामाईक भिंतीच्या मध्यरेषेपर्यंत मोजायचं.

गवंडी_नंबर_एक

आता प्रत्यक्ष मोजणीवर. नव्याने शिकणाऱ्यांसाठी जरा सविस्तर.

एका कोपऱ्यापासून सुरू करून घराला एकाच दिशेने प्रदक्षिणा. डावीउजवीकडची बेरीज जुळायला हवी, पुढची-मागची जुळायला हवी. पुढची भिंत ४२.० आणि मागे २४.५ + १७.२ = ४१.७ आलं तर ०.३ कुठेतरी हरवले. ते स्केच सॉफ्टवेअरमध्ये "जुळवून" टाकू नका. कार सुरू करण्याआधी जागेवरच जुळवा, घरी गेल्यावर कुठली भिंत चुकली ते कळत नाही.

माप घ्यायचं साइडिंगच्या (भिंतीवरच्या बाहेरच्या आवरणाच्या) पृष्ठभागावर. खालच्या काँक्रीटच्या पायावर घेतलं तर साइडिंग पायाच्या बाहेर आलेलं असतं, कमी भरतं. कोपऱ्यावरच्या जाड पट्टीला टेकवून घेतलं तर जास्त भरतं.

लेझरच्या दोन खोड्या. एक, उन्हात ठिपका दिसत नाही. पांढरं पुठ्ठ्याचं लक्ष्य कोपऱ्यावर धरा, नाहीतर सरळ टेप. दुसरी जास्त वाईट. यंत्र माप कुठल्या टोकापासून धरतं, पुढच्या की मागच्या, ही सेटिंग असते. ती चुकली की प्रत्येक मापात यंत्राच्या लांबीइतका, चारपाच इंचांचा फरक पडतो. मजा अशी की प्रत्येक भिंतीत सारखाच फरक असल्यामुळे साध्या आयताची बेरीज जुळते आणि चूक लपते. म्हणून सुरुवातीला एक भिंत टेपने आणि लेझरने, दोन्हींनी मोजून बघा.

वरचा मजला बाहेरून मोजता येत नाही. आतून मोजा आणि भिंतीची जाडी मिळवा. दोन बाय चारच्या लाकडी चौकटीला साडेतीन इंच, ड्रायवॉल अर्धा, बाहेरचं शीदिंग (चौकटीवर ठोकलेली फळी) अर्धा, वर साइडिंग. म्हणजे पाच ते सहा इंच धरा. विटांचं आवरण असेल तर नऊ ते दहा. दोन बाय सहाची चौकट असेल तर दोन इंच जास्त. खिडकीच्या चौकटीत किंवा दारात जाडी प्रत्यक्ष मोजता येते, अंदाज कशाला? आणि वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला आहे का ते बाहेरून आधीच बघून ठेवा. दीडदोन फूट पुढे आलेला असेल तर नुसतं खालचं माप वर चढवून भागत नाही.

ऑस्टिनचा_बंड्या

इंच की दशांश? दोन्ही चालतं म्हणता, पण मग घोळ?

गवंडी_नंबर_एक

घोळ तिथेच आहे. ३२ फूट ८ इंच म्हणजे ३२.८ नव्हे, ३२.६७, दहाव्या भागात ३२.७. समजा ३२ फूट ८ × २६ फूट ४. खरं क्षेत्र ८६०. ३२.८ × २६.४ केलं तर ८६६. एका मजल्यात सहा फूट वाढले. आणि २४ फूट १० इंच कुणी २४.१० टाइप केलं की पाऊण फुटाजवळ भिंतच गायब. एका घरात एकच पद्धत धरा, यंत्राचं एकक दारात उभं असतानाच तपासा.

मूल्यांकक_पुणे

वाचतोय, छान चर्चा. थोडं इकडचं लिहितो, कारण इथल्या बऱ्याच जणांचं घर तिकडे आणि फ्लॅट इकडे असतो आणि दोन्हींची मापं एकमेकांशी ताडून बघतात.

तुम्ही बाहेरून मोजता, आम्ही आतून. रेरा कायदा २०१६ चा, पूर्ण लागू झाला १ मे २०१७ ला. त्यातलं कार्पेट क्षेत्र म्हणजे वापरण्याजोगं निव्वळ क्षेत्र. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस डक्ट, खासगी बाल्कनी किंवा व्हरांडा आणि खासगी उघडी गच्ची वगळायची, पण घरातल्या मधल्या भिंती धरायच्या. महाराष्ट्राच्या जुन्या मोफा कायद्यात विक्रीच्या कार्पेटमध्ये बाल्कनी धरली जायची. भारतीय मानक आयएस ३८६१ चं कार्पेट आणखी तिसरंच; तिथे वेगळं सांगितलं नसेल तर स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूमही वगळतात. एकच शब्द, तीन आकडे. करारनाम्याची तारीख बघितल्याशिवाय कार्पेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

कर्जाच्या मूल्यांकनाला जाताना नेहमी आढळणारी गोष्ट : हॉल आणि बाल्कनीमधली भिंत काढून एकच मोठा हॉल केलेला. लेझर टाकला की १८ फूट येतं, मंजूर नकाशात हॉल १४ चा. मूळ बाहेरची भिंत कुठे होती ते छताकडे बघून कळतं, तिथे बीम खाली उतरलेला असतो. बीमच्या बाहेरच्या कडेपलीकडचं सगळं बाल्कनी, आणि बीमखाली पूर्वी जी भिंत होती तिची जाडीही कार्पेटमध्ये नाही. डक्टवर स्लॅब टाकून केलेली माळ्याची जागा, फ्लॉवर बेड आत घेऊन केलेला खिडकीचा कट्टा, यांचंही तेच.

प्लास्टरचाही वाद असतो. ३ मीटर × ३.६ मीटरची खोली विटांपासून विटांपर्यंत १०.८० चौरस मीटर. दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटर प्लास्टर धरलं की २.९७६ × ३.५७६ = १०.६४. एका खोलीत १.७ चौरस फूट गेले. अख्ख्या फ्लॅटमध्ये आठदहा फूट यातच जातात आणि लोक म्हणतात बिल्डरने चोरले. खरी तफावत असेल तर महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात फरकाची मर्यादा ३ टक्के आहे आणि क्षेत्र कमी भरलं तर जास्तीचे पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत, असं कलम आहे.

एडिसनकर

रेडी रेकनरला (मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी दरांना) कुठलं क्षेत्र लागतं? भावाच्या फ्लॅटच्या वेळी १.२ की १.१ यावरून वाद चालला होता.

मूल्यांकक_पुणे

रेकनर बांधीव क्षेत्रावर चालतो. जुन्या कार्पेटला १.२ ने गुणायचं, रेरा कार्पेटला १.१ ने, कारण रेरात मधल्या भिंती आधीच आल्या आहेत. बाल्कनी नसलेला फ्लॅट घ्या : जुनं कार्पेट ६० चौरस मीटर, बांधीव ७२. मधल्या भिंती धरून रेरा कार्पेट ६५, बांधीव ७१.५. जवळजवळ सारखंच. पण ६५ ला चुकून १.२ ने गुणलं तर ७८ होतात आणि साडेसहा चौरस मीटरचं मुद्रांक शुल्क उगाच भरावं लागतं. भावाला सांगा, करारात "रेरा कार्पेट" असा स्पष्ट शब्द हवा आणि बाल्कनी वेगळी लिहिलेली हवी.

सिएटलची_मावशी

आमच्या आजोळी घर खणांत मोजायचे. पाच खणी माजघर. ना कार्पेट ना जीएलए, आणि भांडण झालं ते फक्त आंब्याच्या झाडावरून.

मोजूनमापून

अवांतर फार झालं, मूळ प्रश्नाकडे वळू या. ग्रिड.

फॅनी मे कॉम्प्स ॲन्सीने मोजायला सांगत नाही, शक्यही नाही. पण आपलं घर आणि कॉम्प एकाच हिशेबात यायला हवेत, ही जबाबदारी अप्रेझरची. बायलेव्हल घ्या. आपलं घर वर १,१००, खाली तयार १,०००. शेजारच्या गल्लीतलं अगदी तसंच घर एमएलएसवर (एजंटांच्या सामाईक जाहिरात-यादीवर) "२,१००". कुणी आळशीपणाने कॉम्पच्या रकान्यात २,१०० आणि आपल्या घराला १,१०० लिहिलं, आणि फुटाला ६० डॉलरचा फरक लावला, तर ६०,००० डॉलर हवेत गेले. घरं जुळी आहेत! बायलेव्हलचा फोटो बघितला की खालचा मजला अर्धा मातीत आहे हे दिसतंच. कॉम्पलाही १,१०० आणि १,००० असं फोडायचं आणि शेऱ्यात लिहायचं की एमएलएसचा आकडा फोडला, कशावरून फोडला.

केपचंही तसंच. अनेक ठिकाणी कौंटी "दीड मजली" म्हणून खालच्या मजल्याला ठरावीक गुणक लावून वरचं क्षेत्र काढते. तो मोजलेला आकडाच नसतो. अशा वेळी खालचा मजला विश्वासाचा धरा, वरचा फोटोंवरून ठरवा.

आणि फुटाचा दर जुन्या आकड्यांवरून काढलेला असेल तर तो नव्या आकड्याला लावू नका. सहा लाखांचं घर २,१०० वर भागलं तर फुटाला २८६ डॉलर, १,१०० वर भागलं तर ५४५. घर तेच.

फूटपट्टी

हेच म्हणायचं होतं. आणखी एक : गॅरेज आणि घर यांच्यामधली भिंत घराची. गॅरेजच्या बाजूच्या पृष्ठभागापर्यंत मोजायचं. कॉम्प्समध्ये हे कुणी बघत नाही, चालतं. आपल्या स्केचमध्ये मात्र चुकायला नको. स्केच संगणकावरचं हवं, त्यात प्रत्येक मजल्याची मापं आणि बेरीज दिसायला हवी. हाताने काढलेली आकृती स्कॅन करून जोडायचे दिवस गेले.

ऑस्टिनचा_बंड्या

फोनने खोल्या स्कॅन करून नकाशा देणारी ॲप आहेत की. मग हा सगळा द्राविडी प्राणायाम कशाला?

तिरकस_छप्पर

@बंड्या, ती आतून मोजतात आणि बाहेरच्या भिंतीची जाडी गृहीत धरतात. विटांच्या घराला साइडिंगची जाडी धरली तर परिघाच्या प्रत्येक फुटाला चार इंच गेले. १६० फूट परिघ असेल तर पन्नासेक चौरस फूट, दर मजल्याला. आणि ५ फुटांची रेषा, ७ फुटांची अट, जमिनीची पातळी हे ॲपला कोण सांगणार? डेस्कटॉप अप्रेझलसाठी (घरी न जाता केलेल्या) नकाशा म्हणून ठीक आहे. वापरा, पण एक बाहेरची भिंत टेपने मोजून जाडी ताडून घ्या.

रिअल्टरबाई

नवा फॉर्म येतोय त्यात हे सुटेल का?

फूटपट्टी

बरंचसं. २ नोव्हेंबर २०२६ पासून यूएडी ३.६ चा (अप्रेझलच्या माहितीच्या ठरलेल्या साच्याचा) नवा अहवाल सक्तीचा. त्यात जमिनीवरचं तयार, जमिनीवरचं पण मानकात न बसणारं तयार, जमिनीखालचं, अतयार, असे रकाने वेगळे आहेत. ६ फूट १० वाली खोली मग शेऱ्यात लपवावी लागणार नाही. जुनी एमएलएस माहिती मात्र जुनीच राहणार.

एडिसनकर

शेवटचा प्रश्न. अप्रेझल आलं, आकडा चुकीचा वाटतो. घरमालकाने काय करायचं? अप्रेझरला फोन?

मोजूनमापून

अप्रेझरला थेट फोन नको, लेंडरमार्फत. आधी अहवालातलं स्केच उघडा आणि मजल्यांची बेरीज स्वतः करा. मग कौंटीच्या नोंदीशी मजलानिहाय तुलना करा, एकूण आकड्याची नको. फरक बेसमेंटमध्ये किंवा अर्ध्या मजल्यात असेल तर ती चूक नसून रकाना आहे. ती जागा वेगळ्या ओळीवर आहे का आणि तिला काही मोल दिलंय का ते बघा. पहिल्या मजल्यातच ३०-४० फुटांहून जास्त फरक असेल तर बाहेरची लांबी-रुंदी टेपने मोजून फोटो काढा. मग कॉम्प्स : जुळ्या प्रकारचं घर फोडून लिहिलंय की एकत्र? हे तीन मुद्दे लिहून लेंडरकडे फेरविचाराची, म्हणजे रिकन्सिडरेशन ऑफ व्हॅल्यूची, विनंती करा. "झिलोवर जास्त दाखवतंय" हा मुद्दा लिहू नका.

एडिसनकर

धन्यवाद. स्केच उघडलं नव्हतं कुणीच, हे आत्ता कळलं.

ऑस्टिनचा_बंड्या

लेझर घ्यायचाय. किती रेंजचा पुरतो?

गवंडी_नंबर_एक

घरांना १६५ फुटांचा भरपूर. पडद्यावर कॅमेरा दाखवणारा घेतलास तर उन्हातला ठिपका शोधावा लागत नाही, पण महाग. १०० फुटी टेप मात्र गाडीत ठेवच. बॅटरी संपत नाही तिची.